डावीकडून तिसरे

"हे सातही जण बायकी बटणं लावून का बसलेत गं?" आईने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता दोरा दातांनी तोडला.

उत्तर तिला नकोच होतं. आई शिंपीण आहे आणि माणूस दिसला की ती आधी त्याची शिवण बघते, मग माणूस. रस्त्यात कुणी भेटलं तर घरी आल्यावर तिला त्याचं नाव आठवत नाही, पण 'ती नाही का, डाव्या काखेत ओढ येते ती' एवढं पक्कं आठवतं. त्या बुधवारी मी शाळेतून परस्पर मालधक्क्यावर जाऊन घरी आले होते आणि तिच्या कापायच्या टेबलावर स्टेशनच्या कर्मचाऱ्यांच्या जुन्या फोटोची मोठी प्रत पसरून बसले होते, कारण आमच्या घरात एवढा कागद न दुमडता मावेल असं ते एकच टेबल आहे. "कसली बायकी बटणं?" मी म्हणाले. "अगं, पुरुषाच्या कोटाची बटणं त्याच्या उजव्या हाताला असतात. बायकांची डाव्या. हे बघ, एक, दोन, तीन... सगळ्यांची डाव्या हाताला. एकट्याची असती तर म्हटलं असतं, बायकोचा कोट घालून आला बिचारा. पण सात जण? शिंपी झोपेत शिवत होता की काय ह्यांचा!" ती स्वतःच्याच विनोदावर हसली आणि कुणाच्या तरी पँटची दुमड उसवायला लागली. मीही हसले. मला कुठल्याही गोष्टीला आधी हसूच येतं, समजतं मागाहून. हसता हसता मी तो कागद उचलला आणि आईच्या गिऱ्हाइकांसाठी भिंतीला उंच आरसा आहे त्याच्यासमोर धरला. का धरला ते मला आजही सांगता येणार नाही. काहीही हातात आलं की आरशासमोर धरून बघायची सवय, दुसरं काय. आरशात सातही कोट सरळ झाले. स्टेशनच्या दाराच्या उजवीकडे दिसणारा पाण्याचा नळ डावीकडे गेला, आणि तो डावीकडेच आहे, मी रोज त्याचं पाणी पिते; मला वाटत आलं होतं की मधल्या काळात हलवला असेल. मागच्या घड्याळात आकडे नव्हते, नुसत्या रेघा, पण आठ वीसचे तीन चाळीस झाले. स्टेशनमास्तर मधल्या खुर्चीत होते ते मधेच राहिले. आणि डावीकडून तिसऱ्या खुर्चीवर एक दुसराच माणूस येऊन बसला.

आरशात कागदाच्या वर माझं कपाळ दिसत होतं. हे सांगायला हवं, कारण आमच्या घरात माझ्या कपाळाला फार मान आहे. अण्णांच्या खोलीत, म्हणजे आईच्या वडिलांच्या, माझ्या आजोबांच्या खोलीत, पलंगासमोर एक फ्रेम आहे. त्यात माझे पणजोबा. फक्त चेहरा आणि कॉलर, बटणांपर्यंत फोटो पोचतच नाही. रुंद, उभं, इस्त्री केल्यासारखं कपाळ, मिटलेले ओठ, आणि डोळे असे की खोलीत कुठेही उभं राहा, आपण काहीतरी सांडलंय असं वाटतं. पाहुणे आले की अण्णा मला फ्रेमखाली उभं करायचे. "बघा, कपाळ बघा. अगदी माझ्या वडिलांचं." पाहुणे म्हणायचे, अगदी, अगदी. आता खरं सांगायचं तर मागच्या वर्षीपर्यंत मी अशी नव्हते. घरात भिंगरी, शाळेत भिंत. बाईंनी प्रश्न विचारला की उत्तर घशापर्यंत यायचं आणि तिथूनच परत जायचं. मग वक्तृत्वाला कुणीच नाव देईना म्हणून बाईंनी हजेरीपटावर डोळे मिटून बोट ठेवलं आणि ते नेमकं माझ्यावर पडलं. व्यासपीठाच्या पायरीवरून मी मागे वळणार, इतक्यात मला ते कपाळ आठवलं. म्हटलं, एवढं कपाळ आहे आपल्याकडे, ते काय उगाच? मान सरळ केली आणि बोलायला लागले. तेव्हापासून जी बोलतेय ती थांबलेच नाही. आई म्हणते, नळाला चावी बसवायला हवी होती. म्हणजे बुधवारी संध्याकाळी आरशासमोर उभी असताना माझं हसू थांबलं ते काही फक्त अण्णांसाठी नव्हे. मी ज्याच्या जिवावर उभी राहिले होते ते कपाळ, डावी-उजवी बदलली तर, कुणाचं होतं?

यादी मला तोंडपाठ होती. मूळ फोटोच्या मागे पुठ्ठ्यावर शाईने लिहिलेली: डावीकडून तिकीट तपासनीस, माल कारकून, पार्सल कारकून, स्टेशनमास्तर, तारमास्तर, तिकीट कारकून, गार्ड. पणजोबा पार्सल कारकून. अण्णा दोन वर्षांचे असताना ते तापाने गेले, त्याच आठवड्यात पणजीही. अण्णा दुसऱ्या गावी मावशीकडे वाढले. वडिलांचा चेहरा त्यांना आठवत नव्हता, आठवतो असं ते कधी खोटंही बोलले नाहीत. एकोणिसाव्या वर्षी त्यांना रेल्वेत नोकरी लागली आणि बाविसाव्या वर्षी बदली झाली तीसुद्धा याच स्टेशनात, पार्सलच्याच खिडकीवर. पहिल्या महिन्यात कपाट आवरताना हा फोटो सापडला. त्यांनी तो उलटा केला, यादी वाचली, सुलटा केला आणि बोटाने मोजलं. एक, दोन, तीन. ती तीन माणसं मोजायला किती वेळ लागला असेल? स्टुडिओवाल्याकडून तेवढा चेहरा मोठा करून घेतला आणि रजा काढून मावशीकडे नेला. मावशीला तोवर दिसेनासं झालं होतं. तिने काचेवरून हात फिरवला, कपाळापासून हनुवटीपर्यंत, आणि म्हणाली, "हाच." ही गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली होती आणि प्रत्येक वेळी 'हाच'ला माझ्या अंगावर काटा यायचा. काचेला काय, सगळे चेहरे सपाटच लागतात, हे त्या बुधवारपर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मग छप्पन्न वर्षं रोज सकाळी अण्णा त्या फ्रेमसमोर उभे राहून हातातल्या घड्याळाला किल्ली देतात आणि हळू आवाजात आदल्या दिवसाचं सांगतात. पार्सल फुटलं, बढती हुकली, आई जन्मली, आजी गेली, गुडघा दुखतोय, भिंगरीला बक्षीस मिळालं. आणि हसताना तोंडावर हात ठेवतात. मला ती त्यांची लकब वाटायची. आजीने जाण्याआधीच्या वर्षी सांगितलं तेव्हा कळलं की ते तरुणपणी नकला करायचे, आणि अशा तशा नाहीत. तीन स्टेशनमास्तर, दोन इंजिनं, एक तोतरा तपासनीस, सगळं एका दमात. कर्मचाऱ्यांच्या संमेलनात माणसं खुर्च्यांवरून खाली पडायची. "मग बंद का केल्या?" मी विचारलं. आजी म्हणाली, "तो फोटो घरात आला आणि घरातली करमणूक गेली. म्हणाले, वडील बघतायत, माकडचेष्टा शोभत नाहीत."

आता ते बघणारे वडील नव्हते, दुसऱ्या बाजूने तिसरे, म्हणजे तारमास्तर होते. निदान आरशाचं तसं म्हणणं होतं.

गुरुवारी मी शाळा सुटल्यावर धावतच मालधक्क्यावर गेले. तिथल्या जुन्या शेडमध्ये स्टेशनच्या फोटोंचं प्रदर्शन लागायचं होतं, रविवारी, आणि आम्ही पाच-सहा मुली सुट्टीपासून तिथे काम करत होतो. सगळी जबाबदारी आमच्या चित्रकलेच्या निवृत्त सरांवर. त्यांना आम्ही हळूसर म्हणतो, कारण ते दिवसातून शंभरदा म्हणतात, "हळू. काच आहे." त्या काळातले फोटो काचेवर काढलेले, पेट्याच्या पेट्या भरून काचा. हातमोजे घालून एकेक काच उजेडाच्या पेटीवर ठेवायची, संगणकात उतरवायची आणि खाली काय लिहायचं ते ठरवायचं. सरांचा नियम एकच: खात्रीचं तेवढंच लिहायचं. पहिल्याच दिवशी मी एका काचेखाली 'वाट बघणारी बाई' असं लिहिलं तर सरांनी ते खोडलं. "ट्रंकेवर बसलेली बाई. वाट बघतेय हे तुला कुणी सांगितलं? तिने?" मला आधी राग आला, पण नंतर तो नियम आवडायला लागला. त्या काचांमध्ये कुणी काही विशेष करत नाही. एक जण इंजिनाला आरसा अडकवून दाढी करतोय. शेडच्या मागे दोरीवर अकरा शर्ट वाळतायत. एक कारकून भिंतीकडे तोंड करून डबा खातोय, कुणी बघू नये म्हणून. बघा, हेही मला लिहिता आलं नाही, 'डबा खाणारा कारकून' एवढंच. झाडणाऱ्या माणसाचा नुसता झाडूच आलाय, कारण झाडू टेकलेला होता आणि माणूस हलत होता. कुत्र्याला दोन डोकी आहेत. स्टेशनच्या त्या जुन्या कॅमेऱ्याला फोटो काढायला वेळ लागायचा, दोन-तीन सेकंद तरी, आणि तेवढ्यात जो हलला तो गेला. म्हणून सगळ्या फलाटभर माणसं पुसट आणि सामान ठळक. ट्रंका, वळकट्या, पिंजरे यांचे कोपरे मोजून घ्यावेत असे, आणि त्यांचे मालक म्हणजे वाफ. मला त्या वाफेबद्दल जरा आपुलकी आहे, कारण शाळेच्या वर्गाच्या फोटोत लागोपाठ दोन वर्षं मी वाफच आहे. आता तर कॅमेरा डोळा मिटायच्या आत फोटो काढतो, तरी मी हलतेच. आई म्हणते, "कुणावर गेलीय ही, देव जाणे. आमच्या घराण्यात असं कुणी नाही."

सरांना मी धापा टाकत बटणं, नळ, घड्याळ, सगळं एका वाक्यात सांगितलं. ते म्हणाले, "हळू." मग पेटीतून ती काच काढली, उजेडावर धरली आणि नखाने अगदी कडेला चाचपून बघितली. काचेची एक बाजू गुळगुळीत असते आणि दुसरी जराशी खरखरीत, चित्र त्या बाजूला असतं. छापताना कागद चित्राला टेकवायचा. त्या दिवशी ज्याने कुणी छापला त्याने घाईत कागद पाठीला टेकवला. त्यामुळे सगळं उलटं उमटलं, आणि मधे काचेची जाडी राहिल्यामुळे जरासं मऊही. यादी मात्र बरोबर होती, कारण ती कुणीतरी माणसं बसलेली असताना समोर उभं राहून लिहून घेतली असणार. "पण तेव्हाच्या लोकांना कळलं कसं नाही?" मी विचारलं. सर म्हणाले, "त्यांना यादी कशाला लागते? ते एकमेकांना ओळखत होते. यादी लागते ती ओळखणारे गेल्यावर." मग त्यांनी काच सुलट्या बाजूने संगणकात उतरवली आणि आम्ही दोघं पडद्यासमोर बसलो. डावीकडून तिसरा. कोट स्वच्छ, बटणं उजव्या हाताला, गुडघ्यावर ठेवलेले हात इतके ठळक की नखं मोजावीत. आणि कॉलरच्या वर चेहरा नाही. म्हणजे आहे, पण तीन आहेत, एकावर एक, एक समोर, एक जरा वर, एक शेजाऱ्याकडे वळलेला, आणि खाली उघड्या तोंडाची एक लांबट काळी रेघ. कपाळ तर नाहीच; कपाळाच्या जागी मागची भिंत दिसते. त्या माणसाला आम्ही आजवर तारमास्तर समजत होतो. अण्णा स्वतः त्याची थट्टा करायचे. "टकटक करून करून ह्याला स्थिर बसताच येईना. नाहीतर आमचे वडील बघा, शेजारून आगगाडी गेली तरी हलायचे नाहीत." सर म्हणाले, "शाब्बास. मोठी चूक पकडलीस. आता फोटो सुलटा लावू, नावं आपोआप जागेवर येतील. रविवारी तुझे आजोबाच उद्घाटन करणार आहेत ना? त्यांना केवढा आनंद होईल." मी मान हलवली. सर चित्रकलेचे असून त्यांना तोंडावरचं काही दिसत नाही.

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. तिच्या हातातली कात्री थांबली, आणि आईची कात्री कापडाच्या मधे कधी थांबत नाही. तिने अण्णांच्या खोलीच्या बंद दाराकडे बघितलं. मग म्हणाली, "सांगू नकोस." मी म्हणाले, "अगं, रविवारी सगळ्यांसमोर ते फोटोपुढे उभे राहणार, बोट दाखवणार, आणि खाली माझ्या हाताने लिहिलेलं असणार तारमास्तर!" "मग तो फोटो लावूच नका. एवढ्या हजार काचा आहेत." "सरांनी आधीच मोठा करून घेतलाय." "मग फुटू दे एखादी काच," आई म्हणाली, आणि लगेच, "नको. नको गं. पण अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत ते. आता वडील बदलून देणार का त्यांना? ते पण बिनचेहऱ्याचे?" मी टेबलावरचा फोटो गुंडाळून ठेवला. शुक्रवारी वर्गात बाईंनी मला तीनदा विचारलं, बरं नाही का. डब्याच्या सुट्टीत मैत्रिणीने कपाळावर हात ठेवून बघितला, तर मी तो झटकला. मला वाटत होतं की माझं कपाळ कुणीतरी मागायला येईल, आमचं आहे ते, द्या परत. संध्याकाळी मी अण्णांच्या खोलीत जाऊन त्या फ्रेमसमोर उभी राहिले. लहानपणी मी इथे रडले की अण्णा म्हणायचे, पणजोबा बघतायत, आणि मी डोळे पुसायचे. आज मी त्या डोळ्यांकडे नीट बघितलं. ते रागावलेले नव्हतेच. तारेचं यंत्र ऐकणाऱ्या माणसाचे डोळे होते, बाहेरून काही आत येतंय ते चुकू नये म्हणून थांबलेले. इतकी वर्षं आम्ही ते आमच्यावर ओढून घेतलं होतं. बिचाऱ्याला नंतर घरी जायचं असेल, त्याचीही मुलं असतील, आणि त्यांच्याकडे कुठल्या भिंतीवर कोण असेल? एकदा वाटलं, बोलूच नये. मागच्या वर्षीची मी असते तर प्रश्नच नव्हता, शब्द घशातून परत गेला असता आणि सगळ्यांचं भलं झालं असतं. गप्प बसणाऱ्या माणसाला किती गोष्टी ठरवाव्या लागत नाहीत! पण मग आजीचं वाक्य आठवलं. घरातली करमणूक गेली. एखाद्या माणसाने छप्पन्न वर्षं तोंडावर हात ठेवून हसायचं, आणि ते एका परक्या माणसाच्या नजरेला भिऊन, हे मला ठाऊक असताना मी त्याच्यासमोर बसून जेवायचं कसं?

शनिवारी दुपारी मी दोन्ही फोटो घेऊन त्यांच्याकडे गेले. अण्णा खिडकीशी बसून रविवारचं भाषण लिहीत होते. चार ओळी झाल्या होत्या आणि त्यातल्या दोन 'माझे वडील' पासून सुरू होत होत्या. मी खूप तयारी केली होती, आधी हे म्हणायचं, मग ते, पण तोंडातून निघालं ते एवढंच, "अण्णा, पुरुषांच्या कोटाची बटणं कुठल्या हाताला असतात?" त्यांनी स्वतःच्या सदऱ्याकडे बघितलं. "उजव्या. का गं भिंगरे?" मी उलटा फोटो त्यांच्यापुढे ठेवला. ते बघत राहिले. मग सुलटा ठेवला. मी काचेचं सांगितलं, कागद पाठीला टेकवल्याचं सांगितलं, नळाचं सांगितलं. माझाच आवाज मला वक्तृत्वासारखा ऐकू यायला लागला तेव्हा थांबले. अण्णांनी बोट उचललं आणि मोजलं. एक, दोन, तीन. बोट त्या वाफेवर टेकलं आणि तिथेच राहिलं. "मावशीने हात फिरवला होता," ते म्हणाले. "हाच म्हणाली होती." मग, "तिला तरी काय दिसत होतं म्हणा. मला हवं होतं म्हणून म्हणाली असेल." त्यांनी भाषणाचा कागद घडी करून खिशात ठेवला, काठी घेतली आणि बाहेर गेले. आई शिलाईयंत्रावरून उठून दारापर्यंत गेली आणि परत आली. "शेवटी राहवलं नाहीच ना तुला," ती म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं. अण्णा दिवे लागायच्या वेळेला आले, जेवले, भाजीला मीठ कमी आहे म्हणाले, आणि दार लावून घेतलं. त्या दाराकडे बघताना मला पहिल्यांदा कळलं की धीट होणं म्हणजे बोलता येणं नव्हे. बोलून झाल्यावर तिथेच बसून राहता येणं.

रविवारी सकाळी मी त्यांच्या दाराबाहेर उभी होते, कारण घड्याळाला किल्ली द्यायची वेळ झाली होती आणि मला बघायचं होतं की ते कुठे उभे राहतात. दार अर्धवट उघडं होतं. अण्णा फ्रेमसमोरच होते, नेहमीच्याच जागी. पण किल्ली फिरत नव्हती. "म्हणजे," ते फ्रेमला म्हणाले, "एवढी वर्षं मी हे सगळं तुम्हाला ऐकवत होतो." मी दाराला आणखी चिकटले. "गुडघ्याचं काय, बढतीचं काय. बायको गेली ते. तुमचा काही संबंध नसताना ऐकून घेतलंत." किल्ली एकदा फिरली, दोनदा. "पण तुम्ही तारमास्तर. पुढे कळवलं असणार." आणि ते हसले. हात तोंडाकडे निघाला होता, तो छातीपर्यंत आला आणि तिथे सदऱ्याचं बटण चाचपून खाली गेला. हसू काही फार मोठं नव्हतं, जरा गंजलेलं होतं, शेवटी खोकल्यात गेलं. मग मागे न बघता म्हणाले, "भिंगरे, दाराआड उभं राहून ऐकतात ते पार्सलचोर. आत ये." मी आत गेले. ते म्हणाले, "शेजारच्या माणसाचं तोंड बघितलंस का?" मला कळेना. त्यांनी सुलटा फोटो उशीखालून काढला. रात्रभर तिथेच होता बहुतेक, कोपरा दुमडला होता. डावीकडून दुसरा, माल कारकून. त्याने दोन्ही ओठ आत ओढून घट्ट धरले होते, गाल फुगले होते, डोळे कॅमेऱ्याकडे पण पाण्याने चमकणारे. मी तो माणूस दोन महिने बघत होते आणि मला वाटत होतं त्याला दात नाहीत. "हसू दाबतोय," अण्णा म्हणाले. "मी ओळखतो हे तोंड. संमेलनात पहिल्या रांगेत असायची अशी तोंडं. कुणीतरी ह्याच्या कानाशी काहीतरी म्हणालंय. ऐन फोटोच्या वेळी." आम्ही दोघंही त्या तीन चेहऱ्यांकडे, त्यातल्या शेजाऱ्याकडे वळलेल्या चेहऱ्याकडे बघत राहिलो. मग मी जे विचारायचं नव्हतं तेच विचारलं. "अण्णा, मग माझं कपाळ?" त्यांनी माझ्याकडे बघितलं, चष्मा वर करून, एखादं पार्सल कुठल्या गाडीने जायचं ते वाचावं तसं. "तुझं तुझंच," ते म्हणाले. "त्याच्यावर दुसऱ्या कुणाचा पत्ता नाही." आणि मग, "चल, उशीर होतोय. फ्रेम राहू दे तिथेच. त्यांना आता कुठे पाठवणार?"

शेडमध्ये सर शेवटची फेरी मारत होते. सगळे फोटो लागले होते, फक्त ह्या सात जणांच्या फोटोखालची नावांची पट्टी मी लिहायची ठेवली होती. मी उभ्या उभ्या लिहिली आणि सरांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावला. "डावीकडून पहिले तिकीट तपासनीस, दुसरे माल कारकून, तिसरे पार्सल कारकून, हसताना..." ते थांबले. "हसताना?" त्यांनी फोटोकडे बघितलं, त्या वाफेकडे. "तोंड उघडं आहे एवढं दिसतं. शिंक असेल. जांभई असेल. आपला नियम काय आहे? खात्रीचं तेवढंच." मी म्हणाले, "सर, शेजारच्याचं तोंड बघा." "शेजारच्याचं तोंड हा पुरावा नव्हे," सर म्हणाले आणि पट्टी परत करायला हात पुढे केला. बाहेर माणसं जमायला लागली होती. आई नवा सदरा नीट बसलाय का ते अण्णांच्या पाठीमागून बघत होती. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "हळू. काच आहे."

सरांचाच आवाज. तोच जरासा नाकातला, 'हळू'वर लांबलेला, 'आहे'शी येईस्तोवर थकलेला. पण सरांचं तोंड मिटलेलं होतं. सर चमकून वळले. मागे अण्णा उभे होते, एक हात हवेत धरून, जणू त्यात काच आहे, आणि मान सरांसारखी डाव्या खांद्यावर कललेली. चेहरा एकदम गंभीर. आईचा हात त्यांच्या कॉलरवर होता तिथेच राहिला. सरांना आम्ही कुणीच कधी हसताना बघितलेलं नाही, आणि तेव्हाही ते हसले नाहीत. त्यांनी दोन्ही ओठ आत ओढून घट्ट धरले. गाल फुगले. डोळ्यांत पाणी आलं.

डावीकडून दुसऱ्यासारखं, हुबेहूब.

सरांनी हातातली पट्टी मला दिली नाही. ते स्वतःच वळले आणि ती फोटोखाली लावायला लागले, अगदी हळू.